पोर्ट ८०८०

बोनकोडे हे कोपरखैरणे नोडच्या सेक्टरांनी वेढलेलं जुनं आगरी-कोळी गाव. नवी मुंबई वसवण्यासाठी १९७० साली सिडको स्थापन झाली, त्यानंतर या भागातली भातशेती आणि मिठागरं टप्प्याटप्प्याने शहराखाली गेली आणि गावठाणांच्या कडेने, जमीन गेलेल्यांना परत मिळालेल्या साडेबारा टक्क्यांच्या भूखंडांवर इमारती उठल्या. गावातून पूर्वेला निघालं की आधी ट्रान्स-हार्बरचे रूळ लागतात, मग ठाणे-बेलापूर रस्ता, आणि रस्त्यापलीकडे एमआयडीसीचा पट्टा: पावणे, महापे, रबाळे. रसायनं आणि औषधं बनवणाऱ्या कारखान्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या या पट्ट्यात आता डेटा सेंटरं दाटली आहेत. बाहेरून पाहिलं तर खिडक्या जवळजवळ नाहीत, आवारात जनरेटरची रांग, गेटवर कडक तपासणी. सिफीने २००० साली वाशी स्टेशनवरच्या इन्फोटेक पार्कात आपलं डेटा सेंटर सुरू केलं तेव्हा हा धंदा आपल्याकडे नवा होता. स्टेट बँकेचं आयटी केंद्र बेलापूरला आहे. मुंबईच्या किनाऱ्यावर समुद्राखालच्या केबल वर येतात, बँका आणि शेअर बाजार खाडीपलीकडे आहेत, आणि औद्योगिक पट्टा असल्यामुळे मोठ्या दाबाची वीज आधीपासून पोचलेली. डेटा सेंटरला एवढं पुरतं.

आतल्या यंत्रांना स्क्रीन नसते, कीबोर्ड नसतो. ती लोखंडी रॅकमध्ये एकावर एक सरकवलेली असतात. त्यांच्यावर सॉफ्टवेअर टाकणारा माणूस शेजारी उभा असण्याची गरज नाही; तो बोनकोड्यातल्या भाड्याच्या खोलीत लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलेला असू शकतो. मधला धागा म्हणजे एसएसएच. १९९५ साली फिनलंडच्या तातू युलोनेन यांनी तो लिहिला. त्याआधी टेलनेट वापरत, आणि त्यावरून पासवर्ड उघड्या अक्षरांत जायचा. काळ्या पडद्यावर एक ओळ लुकलुकते, तिथे आज्ञा लिहायची आणि एंटर मारायचं. या प्रकरणात आपण त्या पडद्यावर एक ॲप्लिकेशन सर्व्हर उभा करणार आहोत आणि तो उभा करताना काय काय अडतं ते बघणार आहोत. अडतं ते फार शिकवतं.

आधी ही वस्तू काय, ते थोडक्यात. १९९३ च्या सुमारास वेबवर हिशेब करणारी पानं आली तेव्हा पद्धत अशी होती की प्रत्येक मागणीसाठी यंत्रावर एक नवा प्रोग्राम सुरू व्हायचा, डेटाबेसशी नव्याने बोलणी करायचा, उत्तर द्यायचा आणि संपायचा. दिवसाला शंभर माणसं येत होती तोवर ठीक. दहावीचा निकाल दुपारी एक वाजता लागतो आणि पंधरा लाखांच्या आसपास घरांतून एकच पान उघडलं जातं, तिथे ही पद्धत पहिल्याच मिनिटाला झोपेल. ॲप्लिकेशन सर्व्हर हा सतत जागा असलेला प्रोग्राम असतो. तो काम करणारे थ्रेड आधीच तयार ठेवतो, डेटाबेसच्या जोडण्या उघड्या ठेवतो आणि आलेली मागणी मोकळ्या थ्रेडकडे देतो. टॉमकॅट या सर्वांत ओळखीच्या सर्व्हरमध्ये मूळ सेटिंगनुसार असे २०० थ्रेड असतात. दोनशे एकाव्याने थांबायचं. सन कंपनीत जेम्स डंकन डेव्हिडसन यांनी तो लिहिला आणि १९९९ मध्ये सनने तो अपाचे फाउंडेशनला देऊन टाकला. त्याच्या आगेमागे बीईएचा वेबलॉजिक आला, आयबीएमचा वेबस्फिअर आला, मार्क फ्लरी यांचा जेबॉस आला. वेबलॉजिक पुढे २००८ साली ऑरॅकलच्या घरात गेला, जेबॉस २००६ मध्ये रेड हॅटच्या. आपण टॉमकॅट घेऊ, कारण तो फुकट आहे आणि बाकीच्यांच्या बहुतेक खोड्या त्याच्यातही आहेत.

फाइल उतरवून घेतली, पिशवी सोडली, स्टार्टअपची स्क्रिप्ट चालवली. पडद्यावर 'टॉमकॅट स्टार्टेड' असं येतं. दोन मिनिटंही लागत नाहीत. नवशिका इथे चहाला उठतो. खरं तर इन्स्टॉलेशन अजून सुरूही झालेलं नाही, कारण या क्षणी चालू असलेल्या सर्व्हरकडे स्वतःचं असं जवळजवळ काहीच नाही. त्याला मिळालेले अधिकार लॉगिन केलेल्या माणसाचे आहेत. जावा कुठे आहे हे त्याला त्या माणसाच्या प्रोफाइलमधून कळलंय. अक्षरं कशी वाचायची हेही तिथूनच. टर्मिनलला बांधून समोरच चालवला असेल तर त्याचा जीवसुद्धा उसना आहे: लॅपटॉपचं वायफाय गेलं की यंत्र त्या सत्रातल्या सगळ्या प्रोग्रामांना 'फोन ठेवला गेला' असा संदेश पाठवतं आणि सर्व्हर मरतो. ही उसनवारी एक एक करून फेडत जाणं म्हणजे इन्स्टॉलेशन.

पहिली उसनवारी अधिकारांची, आणि सगळ्यांत धोक्याची. युनिक्स १९६९ मध्ये बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी सुरू केलं. ते एका यंत्रावर अनेक माणसांनी काम करण्यासाठी वाढलं. त्यामुळे कोण कुणाच्या फाइलला हात लावू शकतो हा प्रश्न त्याच्या हाडात आहे. प्रत्येक फाइलला एक मालक, एक गट, आणि उरलेले सगळे. प्रत्येकाला वाचणं, लिहिणं, चालवणं यांची परवानगी वेगळी. वाचण्याचे ४, लिहिण्याचे २, चालवण्याचा १. बेरीज केली की एक आकडा. ७५० म्हणजे मालकाला सगळं, गटाला वाचणं आणि चालवणं, बाहेरच्यांना काही नाही. या सगळ्यांच्या वर रूट. त्याला कुठलाच नियम लागू नाही.

सर्व्हर रूट म्हणून चालवला की सगळं पहिल्या फटक्यात चालतं. म्हणूनच तो मोह आहे. डिसेंबर २०२१ मध्ये हा मोह किती महाग पडू शकतो ते जगाला दिसलं. लॉगफोरजे नावाच्या, जावाच्या असंख्य प्रणालींत वापरल्या जाणाऱ्या लॉग लिहिणाऱ्या लायब्ररीत एक भोक सापडलं. नावाच्या किंवा शोधाच्या चौकटीत एक विशिष्ट मजकूर लिहिला आणि सर्व्हरने तो आपल्या नोंदीत उतरवला की तो सर्व्हर बाहेरून कुणाचा तरी कोड आणून स्वतःच चालवायचा. आता प्रश्न एवढाच की तो कोड कुणाच्या अधिकाराने चालला. सर्व्हर रूट असेल तर सगळं यंत्र गेलं. सर्व्हर 'टॉमकॅट' नावाच्या, लॉगिनची परवानगी नसलेल्या आणि आपल्या डिरेक्टरीबाहेर काहीही लिहू न शकणाऱ्या युजरचा असेल तर चोराचे हात तेवढ्यापुरतेच पोचतात. तेही वाईटच, पण रात्रीतून आवरता येण्यासारखं. ऑरॅकलचा इन्स्टॉलर याबाबतीत जुन्या वळणाचा कडक आहे. रूटने चालवला तर तो पुढे जायलाच नकार देतो आणि रूटची जी दोन कामं खरोखर लागतात ती शेवटी वेगळ्या छोट्या स्क्रिप्टमध्ये करायला सांगतो. त्याच्या बाकीच्या वागण्याबद्दल लोकांनी पुष्कळ शिव्या घातल्या आहेत. या एका बाबतीत त्याचं बरोबर आहे.

तर सर्व्हरसाठी वेगळा युजर काढायचा, सगळी डिरेक्टरी त्याच्या नावावर करायची. इथे एक नेहमीचा अपघात होतो. घाईत कुणीतरी एकदाच, 'फक्त बघायला', रूटने सर्व्हर चालवतो आणि बंद करतो. त्या एका फेरीत लॉगची फाइल तयार झाली आणि तिचा मालक झाला रूट. दुसऱ्या दिवशी टॉमकॅट युजर सर्व्हर सुरू करायला जातो तर 'परमिशन डिनाइड'. काल चालत होतं, आज चालत नाही, मधे कुणी काही बदललेलं नाही. मग वैतागून सगळ्या डिरेक्टरीला ७७७ दिलं जातं. म्हणजे सगळ्यांना सगळं. अडलेलं काम सुटतं आणि काल कुलूप लावून ठेवलेलं सगळं आज उघडं पडतं. कुठल्याही यंत्रावर ७७७ दिसलं की समजावं, इथे कुणीतरी रात्री थकून हार मानली होती.

जावा ही दुसरी गोष्ट, आणि इथे आवृत्त्यांचा एक नामी सापळा आहे. २०१७ मध्ये ऑरॅकलने एंटरप्राइज जावा एक्लिप्स फाउंडेशनकडे सोपवलं, पण 'जावा' या नावाचा हक्क सोडला नाही. म्हणून नवं नाव घ्यावं लागलं, जकार्ता. नाव बदलून थांबलं असतं तर कुणाला काही वाटलं नसतं. पण २०२० च्या नवव्या आवृत्तीत कोडमधल्या पॅकेजांची नावंही 'जावाएक्स'ची 'जकार्ता' झाली. टॉमकॅट ९ पर्यंत जुनी नावं, १० पासून नवी. त्यामुळे दहा वर्षं विनातक्रार चाललेलं ॲप्लिकेशन उचलून टॉमकॅट १० वर टाकलं की सर्व्हर व्यवस्थित उठतो, लॉग स्वच्छ दिसतो, आणि पान मात्र उघडत नाही किंवा क्लास सापडत नसल्याची लांबच लांब ओळींची माळ येते. व्यापारचिन्हाच्या वादाचं बिल असं महाप्यात रात्रपाळी करणाऱ्याच्या माथी येतं. तोडगा सोपा आहे: जुन्या ॲप्लिकेशनला टॉमकॅट ९ द्यायचा, किंवा अपाचेचंच रूपांतर करणारं साधन वापरायचं. आणि प्रत्येक आवृत्ती आपापल्या नावाच्या डिरेक्टरीत ठेवून 'करंट' नावाचा एक दुवा तिच्याकडे वळवायचा, म्हणजे रात्री दीड वाजता मागे फिरायची वेळ आली तर दुवा परत जुन्याकडे वळवला की झालं.

आता पोर्ट, म्हणजे ज्या क्रमांकाच्या दारावर सर्व्हर मागण्यांची वाट बघत बसतो ते. नियम असा की १०२४ च्या खालचे पोर्ट फक्त रूटला उघडता येतात. यंत्रं मोजकी होती, ती विद्यापीठांत आणि प्रयोगशाळांत होती आणि ज्याच्याकडे रूट आहे तो भरवशाचा असं मानता येत होतं, त्या काळातला हा नियम. वेबचा पोर्ट ८०, सुरक्षित वेबचा ४४३, दोन्ही खालचे. आपण तर आत्ताच रूट नाकारलं. म्हणून टॉमकॅट ८०८० वर बसतो, वेबलॉजिक ७००१ वर, वेबस्फिअर ९०८० वर. पुढे ४४३ वर एनजिनएक्ससारखा हलका सर्व्हर उभा राहतो आणि मागण्या मागे सरकवतो. '८०८०' वर आधीच कुणी बसलेलं असेल तर 'ॲड्रेस ऑलरेडी इन यूज' येतं. बहुतेक वेळा तो आपलाच मघाशी अर्धवट मेलेला टॉमकॅट असतो.

पूर्वी या सगळ्याच्या आधी आणखी एक अडथळा असायचा. २००० च्या आसपास सोलारिस किंवा एआयएक्सच्या यंत्रावर वेबस्फिअर किंवा ऑरॅकल टाकायचं तर इन्स्टॉलर बटणांच्या खिडक्या उघडायचा, आणि स्क्रीन नसलेल्या यंत्रावर खिडकी उघडणार कुठे? मग आपल्या पीसीवर एक्स सर्व्हर चालवायचा, 'डिस्प्ले'मध्ये आपला पत्ता द्यायचा, आणि त्या काळच्या नेटवर्कवरून एकेक खिडकी उमटताना बघत बसायचं. शहाणी माणसं लवकरच उत्तरांची फाइल आधी लिहून ठेवून 'सायलेंट' इन्स्टॉल करायला लागली. त्याचा मोठा फायदा नंतर कळला: काय काय निवडलं होतं ते कागदावर राहिलं.

स्क्रिप्ट जर विंडोजच्या पीसीवर नोटपॅडमध्ये लिहून इकडे आणली असेल तर आणखी एक चमत्कार. फाइल समोर दिसतेय, परवानग्या ठीक आहेत, आणि यंत्र म्हणतं 'बॅड इंटरप्रिटर', अशी फाइलच नाही. विंडोज प्रत्येक ओळीच्या शेवटी दोन अदृश्य चिन्हं ठेवतं, युनिक्स एकच. ते जास्तीचं चिन्ह पहिल्या ओळीतल्या शेलच्या नावाला चिकटतं आणि यंत्र त्या चिकटलेल्या नावाची फाइल शोधायला जातं. हे ज्याला माहीत नाही त्याचा अर्धा दिवस जातो. ज्याला माहीत आहे तो 'डॉस टू युनिक्स' चालवून पाच सेकंदांत मोकळा.

सर्व्हर उठतोय, पोर्ट मिळालाय. आता मराठीकडे येऊ. इंग्रजी पुस्तकांत यावर फार तर एखादा परिच्छेद असतो आणि आपलं निम्मं दुखणं इथलंच आहे.

एक अर्ज आहे समजा, त्यात गावाच्या नावाची चौकट, आणि अर्जदाराने लिहिलं 'बोनकोडे'. डोळ्यांना चार अक्षरं दिसतात. युनिकोडमध्ये ती सात आहेत, कारण काना-मात्रा वेगळे मोजले जातात: ब, ओकार, न, क, ओकार, ड, एकार. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, म्हणजे एकूण एकवीस. आता हे तीन आकडे, चार, सात आणि एकवीस, डोक्यात ठेवले तर पडद्यावरची चूक बघून दुखणं कुठे आहे ते सांगता येतं. गावाच्या जागी नेमकी सात प्रश्नचिन्हं आली तर जावाने अक्षरं बरोबर वाचली होती, पण बाहेर लिहिताना तिला वाटलं की फक्त इंग्रजी अक्षरंच लिहिता येतात. एकवीसच्या आसपास परकी, टोप्या-टिंबं घातलेली रोमन अक्षरं आली तर कुणीतरी यूटीएफ-८ चे बाइट पश्चिम युरोपच्या अक्षरसंचाने वाचले. टॉमकॅट ७ पर्यंत पत्त्याच्या पट्टीतून आलेली अक्षरं तो मुळातच तसा वाचायचा. आठव्यापासून यूटीएफ-८ आलं. आणि डेटाबेसने 'मजकूर फार लांब आहे' म्हणून अर्जच नाकारला तर रकाना वीस बाइटचा ठेवलेला आहे. ठेवणाऱ्याने वीस अक्षरं म्हणूनच ठेवला होता. 'वाशी' त्यात मावतं, 'ऐरोली' मावतं. बोनकोडे एका बाइटने बाहेर राहतं.

सात प्रश्नचिन्हांचा रोग विशेष चिवट, कारण तो लपून बसतो. जावा १७ पर्यंत नियम असा होता की अक्षरसंच सांगितला नसेल तर ती यंत्राच्या 'लँग' या सेटिंगकडे बघते. तुम्ही एसएसएचने आत शिरलात की कित्येकदा तुमच्या लॅपटॉपचंच 'लँग' बरोबर येतं, आणि ते यूटीएफ-८ असतं. म्हणून हाताने सुरू केलेल्या सर्व्हरवर मराठी अगदी नितळ दिसतं. साहेबांना दाखवून झालं, शाबासकी मिळाली. तीन आठवड्यांनी देखभालीसाठी यंत्र रीबूट झालं, सर्व्हर आपोआप वर आला, आणि सकाळी सगळ्या पावत्यांवर प्रश्नचिन्हं. कुणी लॉगिन केलेलंच नव्हतं, मग 'लँग' आणणार कोण? जुन्या इनिट स्क्रिप्टमधून किंवा क्रॉनमधून उठलेल्या सर्व्हरला बहुतेक वेळा नुसतं 'सी' मिळतं, म्हणजे साधी इंग्रजी. मग कुणीतरी तपासायला आत शिरतो, सर्व्हर हाताने बंद करून चालू करतो, मराठी परत येते. तिकीट बंद. पुढच्या रीबूटपर्यंत.

'जावा होम'चंही असंच. ते युजरच्या प्रोफाइलमध्ये लिहिलेलं असतं, आणि प्रोफाइल वाचलं जातं लॉगिनच्या वेळी. यंत्र स्वतःहून उठतं तेव्हा कुणी लॉगिन करत नाही. म्हणून यंत्र उठताना सर्व्हर आपोआप सुरू करणाऱ्या सिस्टमडीच्या सर्व्हिस फाइलमध्ये सगळं स्वच्छ लिहायचं: युजर कोण, जावा कुठली, 'लँग' काय, अक्षरसंच यूटीएफ-८, मेमरीची कमाल मर्यादा किती, एका वेळी किती फाइली उघडता येतील, डेटाबेस उठल्याशिवाय सुरू व्हायचं की नाही, मेला तर परत उठवायचं की नाही. फाइलींची मर्यादा विशेष बघायची. लिनक्सवर ती बहुधा १०२४ असते, आणि युनिक्सच्या लेखी नेटवर्कची प्रत्येक जोडणीही फाइलच. निकालाच्या दिवशी एक वाजून दोन मिनिटांनी 'टू मेनी ओपन फाइल्स' आलं की ही ओळ आठवते.

आणि मग रीबूट करायचं. मुद्दाम, सगळे जागे असताना, चेंज विंडो हातात असताना. ही चाचणी टाळण्याकडे कल असतो कारण चालू यंत्र बंद करायला जिवावर येतं. पण तुमच्या सोयीने केलेलं रीबूट आणि पहाटे तीनला वीजपुरवठ्यातल्या बिघाडाने झालेलं रीबूट यांत पहिलं केव्हाही स्वस्त. यंत्र वर आलं की त्यात शिरायचं नाही. दुसऱ्याच यंत्रावरून पान मागवायचं, कारण त्याच यंत्रावरून मागवलं तर फायरवॉलची परीक्षा होत नाही. मराठी नावाचा एक अर्ज भरून पावती काढायची. सुरुवातीला थोडं थांबावं लागलं तर घाबरायचं नाही. जुन्या लिनक्सवर, विशेषतः आभासी यंत्रांवर, टॉमकॅट उठताना चार-चार मिनिटं गप्प बसायचा, कारण त्याला सुरक्षित यादृच्छिक आकडे हवे असायचे. कीबोर्ड-माउस नसलेल्या यंत्राकडे तेवढी अनिश्चितता साठलेली नसायची. २०२० च्या ५.६ कर्नलपासून तो त्रास गेला.

या सगळ्यावर उपाय म्हणून २०१३ साली डॉकर आला. युजर, जावा, सेटिंग, सगळं एका फाइलमध्ये लिहून ठेवायचं आणि त्यातून बनलेला डबा कुठल्याही यंत्रावर चालवायचा. कुणाच्या लॅपटॉपवरून काही उसनं येण्याचा प्रश्नच नाही. महाप्यातल्या यंत्रांवर आता असे डबे पुष्कळ चालतात. मात्र डब्यात तुम्ही लिहिलेलंच जातं, आणि तयार मिळणाऱ्या मूळ डब्यांपैकी अनेकांत 'लँग'ची ओळ नसते. मार्च २०२२ मध्ये जावा १८ आली आणि तिने यूटीएफ-८ हाच मूळ अक्षरसंच मानला, तेव्हा पावत्यांवरची प्रश्नचिन्हं बरीचशी थांबली. फाइलींची नावं मात्र ती अजूनही यंत्राच्या 'लँग'नुसारच वाचते. त्यामुळे अर्जाच्या पोटात 'बोनकोडे' बरोबर छापलं जातं, आणि अर्जदाराने जोडलेली 'बोनकोडे घरपट्टी' नावाची पीडीएफ साठवताना सर्व्हर अडून बसतो. सर्व्हिस फाइलमध्ये 'लँग'ची एक आणि डॉकरच्या फाइलमध्ये एक, अशा दोन ओळी लिहायच्या राहून गेलेल्या असतात.